नेढं नसलेल्या सुया

पहिल्याच दिवशी मी विचारलं,
या सुयांना नेढं का नाही?
अठरा वर्षं फॉल-पिको करते मी
प्रभादेवीला, जिन्याखालच्या खोपटात.
दोरा न ओवलेली सुई
शिवणार काय?

लीबाई हसली नाही. म्हणाली,
"जीभ दाखव."

माझगावात, डॉकयार्ड रोडच्या अंगाला,
खाली बोटींचे जुने नांगर, साखळ्या, पितळी कंदील विकणारं दुकान,
वर दुसऱ्या मजल्यावर
हिरव्या रेक्झिनची दोन बाकं.
तिचा आजा चिनी बोटीवर सुतार होता,
बाप कवळ्या बनवायचा,
आणि ही मराठी बोलते ती भाऊच्या धक्क्यावरची,
माझ्याहून ठसक्यात.

तीन बोटं मनगटावर. मग दुसऱ्या मनगटावर.
बराच वेळ. जणू आतून कुणी दार उघडायला येतंय
आणि तिला चपलांचा आवाज लागतोय.
"पाय गार. पोट गार. कूस गारठलीय तुझी, मालन.
मी पोर देत नाय हां, आधीच सांगते.
मी पाय गरम करते."

त्या मोठ्या दवाखान्यात भिंतभर बाळं होती,
सगळी गोरी, सगळी दुसऱ्याच कुठल्या देशातली.
तिथे दोनदा पैसे भरले,
दुसऱ्यांदा पाटल्या मोडून.
रोज रात्री साडेनऊला हे पोटात इंजेक्शन टोचायचे,
डोळे मिटून.
मीच म्हणायची, अहो, उघडा,
हातशिलाईसुद्धा कुणी अंदाजानं करत नाही.

अकरा सुया.
घोट्यावर चार बोटं सोडून, गुडघ्याखाली, कपाळावर एक,
ओटीपोटावर दोन.
त्या दोन जागांचं नाव तिच्या आजीच्या भाषेत
मुलाचा महाल.
मी म्हटलं, मग भाडेकरू कधी येणार?
तेव्हा हसली.

मग एक जाड विडी पेटवून
ती नुसती बेंबीपाशी फिरवते, टेकवत नाही.
दवण्याच्या कुळातला पाला आहे म्हणे.
पण मला वास आला तो ओवा-बाळंतशेपांच्या धुरीचा,
बहिणीच्या बाजेखालचा.
बाळंतिणीचा धूर
आधीच घेऊन ठेवतेय मी,
उधारीवर.

वीस मिनिटं हलायचं नाही.
खाली कुणीतरी साखळी ओढतं,
कडी कडीवर आपटत जाते.
चौथ्या मजल्यावरच्या डोहाळजेवणाला
मला बोलावलं नव्हतं.
हिरव्या साडीचा फॉल मात्र
माझ्याकडूनच लावून घेतला,
घाईत, रात्री अकराला.
टाके मी बारीकच घातले.
साडीचा काय दोष.

या मंगळवारी सकाळीच पाळी आली.
तरी गेले.
लीबाईनं विचारलं नाही, नाडी धरली, मान हलवली,
आणि सुया एरवीपेक्षा हळू टोचल्या.

काढताना ती मोजते, ओठातल्या ओठात, यात, यी, साम...
दहा.
पुन्हा मोजल्या. दहाच.
सत्तरीची बाई गुडघ्यांवर बसली, टॉर्च घेऊन,
खालच्या दुकानातून लोहचुंबक मागवला.
सुई हरवली तर सापडेपर्यंत जागचं उठू नये,
माझी आई सांगायची. तिचीही सांगायची म्हणे.
दोघी फरशी चाचपत राहिलो.
चुंबकाला दोन स्क्रू लागले, एक केसाची पिन.

रात्री साडी सोडताना बोटाला टोचलं.
मीच लावलेल्या फॉलच्या दुमडीत
आडवी बसली होती,
केसाएवढी.

कूस उजवली का, असं विचारतात आपल्यात.
मी दिवा मालवला, नुसती कूस बदलली.
पाय यांच्या पायांना लागले.
"गरम आहेत," झोपेतच म्हणाले,
आणि ओढून घेतले.

सुई टोचून ठेवलीय उशीत,
माझ्या नेढंवाल्या सुयांच्या शेजारी.
मंगळवारी द्यायची आहे परत.
तिची मोजणी अडून राहिली असेल.